मासा, माकड आणि कोंबडी: इंग्लंडच्या खालच्या फुटबॉल लीगमधली चिडवाचिडवी

२७ ऑगस्ट २०२५ ला ग्रिम्सबी टाउन या इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरच्या क्लबने मँचेस्टर युनायटेडला लीग कप या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. सामना २-२ सुटला आणि पेनल्टींवर १२-११ असा निकाल लागला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी ज्यांनी त्या क्लबची माहिती शोधली, त्यांना प्रेक्षकांच्या हातातले हवा भरलेले मोठे मासे दिसले आणि ‘आम्ही गातो ते फक्त मासेमारी करताना’ अशा अर्थाचं एक गाणं ऐकू आलं. फुटबॉलच्या मैदानावर मासे कशाला?

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर इंग्लंडच्या खालच्या लीगमधलं एक अख्खं जग उलगडावं लागतं. तिथले समर्थक एकमेकांना कसे आणि का चिडवतात, त्यातलं काय हसण्यावारी न्यायचं आणि काय गंभीरपणे घ्यायचं, हे कळलं की तिथला सामना बघण्यात वेगळीच गोडी येते. या चिडवाचिडवीला तिकडे ‘बँटर’ म्हणतात. ज्याला चिडवलं त्यालाही उलट उत्तर द्यायची संधी असते आणि दोघांनाही हे ठाऊक असतं, अशी थट्टा म्हणजे बँटर. पुढे आपण तिला चिडवाचिडवीच म्हणू.

आधी उतरंड समजून घेऊ

इंग्लंडमधल्या क्लब फुटबॉलची रचना घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी आहे. सगळ्यात वर २० क्लबांची प्रीमियर लीग. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लबांच्या. नावांवर जाऊ नका. ‘लीग वन’ ही प्रत्यक्षात तिसरी पायरी आहे आणि ‘लीग टू’ चौथी. त्याखाली नॅशनल लीग ही पाचवी, आणि तिथून खाली थेट गावच्या मैदानापर्यंत लहान लहान लीगा पसरत जातात. २४ क्लबांच्या लीगमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी. म्हणजे हंगामात ४६ सामने.

आपल्या उतरंडीतली मडकी जागच्या जागी असतात, ही मात्र दर वर्षी हंगाम संपताना हलते. लीग टूमधले पहिले तीन क्लब थेट वर जातात. चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे चार क्लब आपसांत बाद फेरी खेळतात आणि त्यातला एक वर जातो. शेवटचे दोन खाली नॅशनल लीगमध्ये घसरतात. तिथून वर चढायची वाट मात्र फार चिंचोळी. विजेता थेट वर येतो आणि दुसरी जागा बाद फेरीतून मिळते. ही दोन जागांची मर्यादा वाढवून तीन करावी म्हणून नॅशनल लीगच्या क्लबांनी २०२५ मध्ये मोहीमच उघडली.

खाली घसरण्याची ही थेट पद्धत १९८७ पासून आहे. पहिल्याच वर्षी, ९ मे १९८७ ला, टॉर्की युनायटेड क्रू अलेक्झांड्राविरुद्ध मागे होतं आणि घसरायच्या बेतात होतं. तेवढ्यात ब्रिन नावाचा पोलिसांचा कुत्रा टॉर्कीच्याच बचावपटूला चावला. त्याच्यावर उपचार करण्यात मिनिटं गेली, तेवढा वेळ सामना वाढला आणि त्या वाढीव वेळात टॉर्कीने २-२ अशी बरोबरी साधली. टॉर्की वाचलं. गोलफरकाने लिंकन सिटी खाली गेली. एका कुत्र्याच्या चाव्याने एका शहराचा क्लब लीगबाहेर, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांबाहेर, पडला. अशी गोष्ट एखाद्या गावाच्या वाट्याला आली की पुढे किती वर्षं ऐकून घ्यावं लागतं, याची कल्पना करा.

चिडवाचिडवीचं सगळं भांडवल इथे आहे. खालच्या लीगमधल्या बहुतेक क्लबांच्या कपाटात मोठे करंडक नाहीत. त्यामुळे ‘आम्ही किती जिंकलो’ हा मुद्दाच निघत नाही. मोजमाप असतं ते ‘आम्ही तुमच्यापेक्षा एक पायरी वर’ याचं. आणि ती पायरी दर वर्षी बदलू शकते, म्हणून आज हसणाऱ्याला उद्या हसू झेलण्याची तयारी ठेवावी लागते. रॉचडेलचा क्लब १९७४ ते २०१० अशी सलग ३६ वर्षं तळाच्या चौथ्या पायरीवर होता. इतकी वर्षं की लोक त्या लीगलाच ‘रॉचडेल डिव्हिजन’ म्हणू लागले.

वैर येतं कुठून?

शेजारच्या दोन गावांच्या क्लबांमधल्या सामन्याला ‘डर्बी’ म्हणतात. बहुतेक वैरं शेजारातूनच येतात, कारण समोरचा माणूस सोमवारी कामावर भेटणार असतो. पण जवळ असणं एवढ्याने वैर धारदार होत नाही. त्याच्या मागे बहुतेक वेळा त्या भागाचा इतिहास असतो.

चेस्टरफील्ड आणि मॅन्सफील्ड ही दोन गावं जेमतेम २० किलोमीटरवर. चेस्टरफील्ड डर्बीशायरमध्ये, मॅन्सफील्ड नॉटिंगहॅमशायरमध्ये, आणि दोन्ही कोळशाच्या खाणींवर जगलेली. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या खाणकामगारांनी संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. डर्बीशायरमधल्या युनियनने संपाची बाजू घेतली. नॉटिंगहॅमशायरमधले बहुसंख्य कामगार मात्र कामावर जात राहिले. तेव्हापासून चेस्टरफील्डचे समर्थक मॅन्सफील्डच्या समर्थकांकडे बोट करून ‘स्कॅब’ ओरडतात. स्कॅब म्हणजे संपफोड्या. १९८२ चा गिरणी संप पाहिलेल्या घरांत या शब्दाचं वजन वेगळं सांगावं लागणार नाही. आज हे ओरडणाऱ्यांतली पुष्कळ मुलं त्या संपानंतर जन्मलेली आहेत. खाणी बंद पडल्या, युनियनच्या कचेऱ्या ओस पडल्या, आणि ते भांडण उरलं ते फुटबॉलच्या मैदानावर. २०२४ मध्ये चेस्टरफील्ड नॅशनल लीग जिंकून लीग टूमध्ये परत आलं, आणि त्याच वर्षी मॅन्सफील्ड लीग टूमधून वर लीग वनमध्ये गेलं. सहा वर्षं वाट पाहून एक दारातून आत आला तेव्हा दुसरा जिना चढून निघून गेला होता.

काही वैरांना शेजार लागतच नाही. वायकम वाँडरर्स आणि कोल्चेस्टर युनायटेड ही गावं लंडनच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत. पण १९९१-९२ मध्ये दोघेही पाचव्या पायरीवर होते आणि वर जायची जागा एकच होती. हंगाम संपला तेव्हा दोघांचेही ९४ गुण. गोलफरकाने कोल्चेस्टर वर गेलं. त्याच हंगामात वायकमच्या मैदानावर कोल्चेस्टरच्या गोलकीपरने, स्कॉट बॅरेटने, आपल्या टोकाकडून मारलेला लांब चेंडू वाऱ्यावर स्वार होऊन थेट समोरच्या जाळ्यात गेला होता आणि कोल्चेस्टरने तो सामना जिंकला होता. एका वाऱ्याने दोन अनोळखी गावांना वैरी करून टाकलं.

एएफसी विम्बल्डन आणि एमके डॉन्स यांच्यातल्या वैराला मात्र चिडवाचिडवी म्हणणं कठीण आहे. दक्षिण लंडनमधल्या जुन्या विम्बल्डन क्लबला मे २००२ मध्ये सुमारे ९० किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवायची परवानगी मिळाली. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि तळाजवळच्या लीगमधून सुरुवात केली. पुढे लीगचे सलग ७८ सामने ते हरले नाहीत. २०११ मध्ये ते लीग टूमध्ये पोहोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेन या जुन्या रस्त्यावरच्या नव्या मैदानात परतले. हलवलेला क्लब २००४ पासून एमके डॉन्स नावाने खेळतो. विम्बल्डनचे लोक त्याचं नाव घेत नाहीत. ते त्याला ‘फ्रँचाइझ’ म्हणतात, म्हणजे दुकानाच्या शाखेसारखा उचलून नेलेला. इथे हसू नाही. घर चोरीला गेल्याचा राग आहे.

आणखी एक प्रकार एकतर्फी वैराचा. क्रूचे समर्थक पोर्ट व्हेलला आपला मोठा वैरी मानतात. पोर्ट व्हेलच्या समर्थकांना विचारा, ते स्टोक सिटीचं नाव घेतील. म्हणून खालच्या लीगमधला सगळ्यात बोचरा टोमणा शिवीचा नसतो, तो असतो ‘तुम्ही आमचे वैरी आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं’ हा. त्याचाच भाऊ म्हणजे ‘हा तुमचा कप फायनल दिसतोय’. साध्या लीग सामन्यातल्या विजयावर समोरचे जास्त नाचले की हा येतो. आणि ‘टिनपॉट’ हा शब्द तर सारखा कानावर पडतो. पत्र्याच्या डब्यासारखा फुटकळ क्लब, असा त्याचा अर्थ. मैदानाला तीनच बाजूंना स्टँड असेल, गोल झाल्यावर भोंग्यातून संगीत वाजत असेल, तर टिनपॉट.

टोमणा घडतो कसा

मैदानावरच्या सामूहिक गाण्याला किंवा आरोळीला ‘चँट’ म्हणतात. ऐकायला तो गोंगाट वाटतो, पण त्याची बांधणी पक्की असते. महाराष्ट्रातल्या कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांना माहीत आहेत त्यांना ती चटकन कळेल. तिथे एका फडाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तो खाली पडू न देता जवाब द्यायचा. इथेही तसंच चालतं. फरक इतकाच की इथे शाहीर एक नसतो आणि जवाब द्यायला वेळ मिळतो जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा.

चाल आधीच सगळ्यांना पाठ असावी लागते. त्यामुळे चर्चमधली स्तोत्रं, लोकगीतं, जुनी सिनेगीतं यांच्या चाली पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. एका वेल्श स्तोत्राच्या चालीवर तर निम्मं इंग्लंड गातं, कारण ती संथ आहे, सुरांच्या उड्या लहान आहेत आणि शेवटची ओळ दोनदा येते. चुकलेल्याला सावरायला तेवढी जागा मिळते. मग त्या चालीत एक रिकामी जागा शोधायची, साधारण चार ते सहा अक्षरांची, आणि तिथे समोरच्या गावाचं नाव, मॅनेजरचं नाव किंवा त्यांचं दुखणं बसवायचं. सुरुवात मागच्या रांगेतल्या दोन-तीन आवाजांनी होते, कारण तिथे डोक्यावर छप्पर असतं आणि आवाज परत फिरतो. दुसऱ्या फेरीपर्यंत शेजारच्या पन्नास जणांनी उचललं नाही तर ते मेलं.

मरण्याची कारणंही ठरलेली असतात. शब्द जास्त झाले की लोक अडखळतात. टाळ्यांच्या नादात लय पळत सुटली की दोन टोकांचे आवाज एकमेकांना मागे टाकतात. उघड्या स्टँडमध्ये वारा असला तर पुढच्या रांगांना मागचं ऐकूच येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माहिती चुकली तर. समोरच्या मॅनेजरला ‘उद्या सकाळी हाकलणार’ असं गायलात आणि तो दोन दिवसांपूर्वीच नव्याने रुजू झालेला असेल, तर हसणारे तिकडचे असतात.

आता त्या माशांकडे येऊ. इंग्लंडभर एक सवाल ठरलेला आहे: ‘यू ओन्ली सिंग व्हेन यू आर विनिंग’, म्हणजे तुम्ही जिंकत असलात तरच गाता, हरू लागलात की चिडीचूप. ग्रिम्सबी हे एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. समोरचे ‘विनिंग’ म्हणाले की ग्रिम्सबीच्या लोकांनी ‘फिशिंग’ म्हणून जवाब दिला: वुई ओन्ली सिंग व्हेन वुई आर फिशिंग. एका शब्दाचा बदल, यमक जागच्या जागी. ‘तुमच्या अंगाला मासळीचा वास येतो’ हा टोमणा समोरच्यांच्या ओठांवर असतो, तो यायच्या आधीच यांनी काढून घेतला. १९८९ मध्ये एफए कप या दुसऱ्या बाद स्पर्धेतल्या सामन्यासाठी विम्बल्डनला जाताना त्यांनी हवेचे मासे सोबत नेले. त्या माशाचं नाव हॅरी हॅडॉक, हॅडॉक ही तिकडच्या ताटातली रोजची मासळी. तेव्हापासून मासा हे त्यांचं निशाण आहे, आणि २०२३ मध्ये ग्रिम्सबी एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेली तेव्हाही तोच मासा सगळीकडे दिसला. तरी शेजाऱ्यांकडे एक हुकमी पत्ता उरतोच. ग्रिम्सबीचं ब्लंडेल पार्क हे मैदान ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात आहे. म्हणून ते म्हणतात की ग्रिम्सबीचा प्रत्येक सामना परगावीच असतो.

हे सगळं खालच्या लीगमध्येच इतकं का रंगतं, याला एक अगदी भौतिक कारण आहे. सगळ्या प्रेक्षकांना खुर्ची देण्याचा नियम वरच्या दोन पायऱ्यांवर लागू आहे. लीग वन आणि लीग टूमध्ये उभं राहून पाहण्याच्या पायऱ्या, ज्यांना ‘टेरेस’ म्हणतात, अजून चालतात. खुर्चीवर तिकिटाने जागा ठरते. टेरेसवर गाणारे आपोआप एकत्र येऊन उभे राहतात, खांद्याला खांदा लागतो, आवाज एकवटतो. शिवाय गर्दी कमी असते आणि रेषेपासून पहिली पायरी दोन-चार पावलांवर. साठ हजारांच्या मैदानात एका माणसाचं वाक्य हवेत विरतं, इथे ते उजव्या बाजूच्या बचावपटूला शब्दन्‌शब्द ऐकू जातं, आणि कधीकधी तो मागे वळून हसतो.

टोमणा दागिना होतो तेव्हा

हार्टलपूलची गोष्ट सगळ्यांत सुंदर. दंतकथा अशी की नेपोलियनच्या युद्धांच्या काळात या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं आणि त्यातून एकटं एक माकड वाचलं, अंगात गणवेश घातलेलं. गावच्या कोळ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी त्या माकडावर खटला चालवला आणि फ्रेंच हेर म्हणून त्याला फाशी दिली. ‘माकड लटकवणारे’ असं शेजारच्या डार्लिंग्टनचे लोक त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवत आले. हार्टलपूल युनायटेडने काय केलं? मैदानावर नाचणारा आपला शुभंकरच माकड केला आणि त्याचं नाव ठेवलं एच’अँगस. या नावातच ‘हँग’ हा फाशीचा इंग्रजी शब्द दडलेला आहे. २००२ मध्ये त्या माकडाच्या पोशाखात नाचणारा तरुण, स्टुअर्ट ड्रमंड, महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याची घोषणा होती शाळेतल्या मुलांना फुकट केळी. तो निवडून आला, आणि पुढे २००५ आणि २००९ मध्येही लोकांनी त्याला निवडलं. यापुढे हार्टलपूलच्या माणसाला ‘माकड’ म्हणून काय मिळणार?

ब्रिस्टल रोव्हर्सचं जुनं मैदान गॅसच्या कारखान्याला लागून होतं. ब्रिस्टल सिटीवाल्यांनी त्यांना गॅसच्या वासावरून हिणवलं, आज ते स्वतःला अभिमानाने ‘गॅसहेड’ म्हणवतात. इप्सविचचे ‘ट्रॅक्टर बॉइज’ही असेच, शेतकरी म्हणून हिणवलेले. मिलवॉलच्या समर्थकांचं ब्रीद तर ‘आम्ही कुणाला आवडत नाही, आम्हाला फरक पडत नाही’ असंच आहे. ॲक्रिंग्टन स्टॅन्लीच्या नशिबी दुधाची एक टीव्ही जाहिरात आली. १९८९ च्या त्या जाहिरातीत एक मुलगा विचारतो, ॲक्रिंग्टन स्टॅन्ली? ते कोण? आणि दुसरा म्हणतो, तेच तर! हा क्लब १९६२ मध्ये पैशाअभावी लीगमधून बाहेर पडला होता आणि त्याची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. १९६८ मध्ये तो नव्याने उभा राहिला, आणि २००६ मध्ये लीगमध्ये परतला तेव्हा त्याच वेळी खाली घसरणाऱ्यांत होतं ऑक्सफर्ड. चव्वेचाळीस वर्षांनी फिटलेला असा हिशेब रचून सांगितला असता तर कुणाला खरा वाटला नसता.

बढाई अंगावर येते ती अशी

८ ऑगस्ट २००९, लीग वनचा पहिला दिवस. नॉरिच सिटी हा मोठा क्लब नुकताच खाली घसरला होता आणि घरच्या कॅरो रोडवर पाहुणे होते कोल्चेस्टर. निकाल ७-१, कोल्चेस्टरच्या बाजूने. नॉरिचचे दोन समर्थक मैदानात धावले आणि त्यांनी आपले हंगामाचे पास मॅनेजरच्या दिशेने भिरकावले. कोल्चेस्टरला वाटलं, आता आयुष्यभर पुरेल एवढं हत्यार हाती आलं. दोन आठवडे व्हायच्या आत नॉरिचने कोल्चेस्टरचाच मॅनेजर, पॉल लँबर्ट, उचलला. जानेवारीत परतीच्या सामन्यात नॉरिचने त्यांच्याच मैदानावर ५-० ने परतफेड केली आणि हंगाम संपताना लीग वनचा करंडक जिंकला. आजही दोन्ही बाजू याच कहाणीचे दोन तुकडे एकमेकांवर फेकतात. एक ‘सात’ म्हणतो, दुसरा ‘लँबर्ट’.

म्हणून जाणते समर्थक नोव्हेंबरात गुणतक्ता दाखवून चिडवत नाहीत. मे महिना यायचा असतो.

पण ही शेवटी शिवीगाळच ना?

बरीचशी भाषा असभ्य असते, हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण सीमा कुठे आहे हे कायद्यात लिहिलेलं आहे. १९९१ च्या फुटबॉल गुन्ह्यांच्या कायद्याने वंशद्वेषी किंवा अश्लील सामूहिक घोषणा, मैदानात वस्तू फेकणं आणि विनापरवाना मैदानात शिरणं हे गुन्हे ठरवले. न्यायालय ३ ते १० वर्षांची फुटबॉल-बंदी घालू शकतं. अशी बंदी असलेल्याला राष्ट्रीय संघाच्या परदेशातल्या सामन्यांच्या वेळी पासपोर्टही जमा करावा लागतो. २०२३ पासून दुर्घटनेतल्या मृतांवरून हिणवण्याविरुद्ध विशेष कडक पवित्रा घेतला जातो. माझ्या मते हे योग्यच आहे. वास, हार, मैदान, मॅनेजर यांवर जवाब देता येतो. मेलेल्या माणसांवरच्या टोमण्याला जवाब नसतो, म्हणून ती चिडवाचिडवीही नसते.

आणि ही सीमा लोकांना आतून ठाऊक आहे, याचा पुरावा लिंकनमध्ये विटा-पत्र्यांत उभा आहे. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या मैदानावर ब्रॅडफर्ड सिटी आणि लिंकन सिटी यांच्यातल्या तिसऱ्या पायरीवरच्या सामन्यात लाकडी स्टँडला आग लागली. ५६ माणसं गेली, त्यांतले दोघे लिंकनचे. लिंकनच्या मैदानातला एक स्टँड त्या दोघांच्या आडनावांवरून ‘स्टेसी वेस्ट’ म्हणून ओळखला जातो. ब्रॅडफर्डचे लोक पाहुणे म्हणून येतात तेव्हा दोन्हीकडून आधी टाळ्या होतात, टोमणे नंतर.

मारामारी होते का?

होते, पण १९८० च्या दशकातल्या आठवणींवरून आजचं चित्र रंगवू नये. पाहुण्या समर्थकांचा भाग वेगळा असतो. त्यांच्या आणि घरच्यांच्या मध्ये काही रांगा रिकाम्या ठेवून त्यांवर जाळी पसरतात आणि कडेने पिवळ्या जाकिटांतले कर्मचारी उभे करतात. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, म्हणून मध्यंतरात सगळे आतल्या मार्गिकेत गर्दी करतात. तापलेल्या डर्बी दुपारी १२ किंवा १२.३० ला ठेवतात, पिण्याला वेळच मिळू नये म्हणून. फारच धोका वाटला तर ‘बबल’ लावतात. पाहुण्यांना तिकीट आणि ठरलेल्या बसची जागा एकत्रच मिळते, स्वतःच्या गाडीने येता येत नाही. चेस्टर आणि रेक्सहॅम यांच्यातल्या सामन्यांना हे लावलं होतं. एक गाव इंग्लंडमध्ये, एक वेल्समध्ये, मध्ये २० किलोमीटर. समर्थकांना बबल आवडत नाही आणि त्यांची तक्रार रास्त आहे, कारण चार टवाळांसाठी दोन हजार भल्या माणसांना कैद्यांसारखं नेलं जातं.

तिथे प्रत्यक्ष जाणाऱ्याने एक नियम पाळावा. घरच्यांच्या भागाचं तिकीट असेल तर पाहुण्यांचा रुमाल गळ्यात नको, आणि त्यांच्या गोलवर उडी तर मुळीच नको. बाहेर काढतात, पैसेही परत मिळत नाहीत.

या वैराची दुसरी बाजूही बघायला हवी. १९९७ च्या सुरुवातीला ब्राइटन चौथ्या पायरीच्या तळाशी होतं, मैदान विकलं गेलं होतं आणि क्लब बुडायच्या मार्गावर होता. ८ फेब्रुवारीला हार्टलपूलविरुद्धच्या सामन्याला देशभरातल्या क्लबांचे समर्थक आपापल्या रंगांचे शर्ट घालून आले, त्यांत ब्राइटनचे हाडवैरी क्रिस्टल पॅलेसवालेही होते. ब्राइटन ५-० ने जिंकलं. समोरचा क्लबच बुडाला तर चिडवायचं कुणाला, हे वैऱ्यालाच जास्त कळतं.

आणि यात पुण्याचा धागा

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा इंग्लंडचा विजेता क्लब. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. त्यांचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. ७ मे २०१२ ला विगनकडून हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं, आणि त्या सामन्यात समर्थकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली, क्लबचे रंग पांघरलेली. मालकांवरचा राग सांगायला त्यांना एक शब्दही लागला नाही. २०१७ मध्ये क्लब आणखी घसरून लीग वनमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमध्ये परतला.

शेजारचं बर्नली हे त्यांचं जुनं वैरी. दोन्ही कापडगिरण्यांची गावं, दोघेही १८८८ च्या पहिल्या लीगच्या बारा क्लबांतले. बर्नलीच्या लोकांना ब्लॅकबर्नवाले ‘डिंगल’ म्हणतात, एका टीव्ही मालिकेतल्या गबाळ्या कुटुंबाचं हे आडनाव. १९७९ नंतर बर्नलीला ब्लॅकबर्नला हरवताच आलं नव्हतं आणि हा वर्षांचा आकडा दर डर्बीला त्यांच्या तोंडावर फेकला जाई. ९ मार्च २०१४ ला बर्नली ब्लॅकबर्नच्या मैदानावर २-१ ने जिंकली. पस्तीस वर्षं जुनं गाणं एका दुपारीत बंद पडलं.

हरणाऱ्या संघामागे लोक जातातच का?

हा प्रश्न इथे हमखास येतो. उत्तर असं की तिथे क्लब निवडण्याची वस्तू समजली जात नाही. नॉर्दॅम्प्टनचा क्लब ‘कॉब्लर्स’, म्हणजे जोडे शिवणारे. ल्यूटन ‘हॅटर्स’, टोप्या करणारे. वॉल्सॉल ‘सॅडलर्स’, घोड्याचं खोगीर बनवणारे. वायकम ‘चेअरबॉइज’, खुर्च्या करणारे. यातले बरेच धंदे आता बसले किंवा अगदी आटले. नावं मात्र दर शनिवारी काही हजार माणसं ओरडून घेतात. समोरचा त्याच नावावरून चिडवतो तेव्हा, नकळत, त्या गावाचा धंदा आणि इतिहास त्यालाही पाठ असतो. आपल्याबद्दल एवढं सविस्तर माहीत असलेलं दुसरं कोण असतं?

हे पाहायचं तर भारतातून वेळ सोयीची आहे. शनिवारी दुपारी ३ चा नेहमीचा सामना तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर, आपल्याकडे रात्री ८.३० ला असतो आणि एरवी ७.३० ला. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत, लोकांनी मैदानात जावं म्हणून. परदेशातल्या प्रेक्षकांना ही अडचण नाही. बघताना समालोचकाचा आवाज कमी करून मैदानाचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न करा. पाहुण्यांनी गोल केला की घरचे एकदम गप्प होतात, दोन-तीन सेकंदांत एका कोपऱ्यातून ‘आता का गात नाही?’ अशी ती स्तोत्राची संथ चाल उठते, आणि घरचे तिला काय जवाब देतात तिकडे कान द्या.